लिंबू पालथे घालावे

आमच्या सांगलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर मिठाचा सट, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि तुपाचे भांडे यांच्या रांगेत गेली काही वर्षे स्टीलची एक लिंबूपिळणी मांडलेली असते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना ती स्वयंपाकघरातून चुकून बाहेर राहिली आहे असे वाटते आणि जेवणानंतर कोणीतरी हमखास ती उचलून ओट्यावर नेऊन ठेवते. ती चुकून राहिलेली नसते. तिची जागा टेबलावरच का असावी, याविषयी माझी काही ठाम मते झाली आहेत. शिवाय ती वापरताना निम्म्याहून अधिक माणसे लिंबू उलटे ठेवतात असे मी पाहत आले आहे, त्याबद्दलही लिहायचे आहे.

या वस्तूला मराठीत एक असे नाव रुळलेले नाही. कोणी लिंबूपिळणी म्हणते, कोणी लिंबू पिळायचे यंत्र, दुकानदार स्क्वीझर म्हणतात. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो, तिला सुरुवातीला 'तो अडकित्ता' म्हणत असत. त्यात थोडा उपहास होता, पण शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सुनेला ते नाव मनापासून आवडले, कारण यंत्र म्हणून पाहिले तर अडकित्ता आणि लिंबूपिळणी ही सख्खी भावंडे आहेत. दोन्हींत टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार, म्हणजे सुपारी किंवा लिंबू, मधे असतो. हा तरफेचा दुसरा प्रकार. आमच्या पिळणीत बिजागरीपासून वाटीच्या मध्यापर्यंतचे अंतर ४ सेंटीमीटर भरते आणि मूठ जिथे बसते तिथपर्यंतचे १६ सेंटीमीटर. म्हणजे मुठीने जितका जोर लावावा त्याच्या चौपट जोर लिंबावर पडतो. याउलट बोटांच्या चिमटीत फोड धरून पिळतो तेव्हा बोटे तिसऱ्या प्रकारच्या तरफेसारखी चालतात आणि स्नायूंनी लावलेल्या जोरातला थोडासाच वाटा फोडीपर्यंत पोहोचतो. उरलेला सांध्यांना सोसावा लागतो.

हे गणित मी वर्गात कित्येक वर्षे शिकवत होते, तरी पिळणी घरात आली ती अण्णांच्या अंगठ्यामुळे. माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात आहे. कुलपात किल्ली फिरवणे, बरणीचे झाकण उघडणे आणि वरणभातावर लिंबू पिळणे या तीन गोष्टी त्यांना जमेनाशा झाल्या. पहिल्या दोन गोष्टींसाठी ते बिनदिक्कत हाक मारत. तिसरीसाठी मात्र कधीही मारली नाही. फोड पानात तशीच राहू लागली आणि अण्णा वरणभात आळणी लागला तरी मुकाट्याने जेवू लागले. जेवायला बसल्यावर दुसऱ्याकडून लिंबू पिळून घेणे त्यांना लहान मुलासारखे वाटत असावे. आंबट किती हवे हे ज्याच्या त्याच्या जिभेला कळते, आणि मी पिळून दिले असते तरी ते माझ्या जिभेच्या मापाने झाले असते.

पहिली पिळणी मी घाईत घेतली, ती ॲल्युमिनियमची, वरून पिवळा रंग दिलेली. दिसायला गोंडस होती. दोन महिन्यांत वाटीच्या कडेचा रंग टवके उडून निघू लागला आणि एके दिवशी अण्णांच्या भातात मोहरीएवढा पिवळा कण सापडला. रंगाखालचा धातूही काळवंडला होता, कारण रात्री न धुता राहिलेल्या पिळणीतल्या रसाने त्यावर डाग पाडले होते. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल साधारण ६ ते ७ टक्के असते. काही सेकंदांच्या स्पर्शाने फारसे बिघडत नाही, पण रात्रभराचा मुक्काम ॲल्युमिनियमला सोसत नाही. आईंना यात नवल वाटले नाही. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात आंबट पडले की पदार्थ कळकतो, हे त्यांच्या पिढीला शिकवावे लागत नव्हते. 'म्हणून लिंबू पातेल्यात नाही, पानात पिळायचं,' असे त्या म्हणाल्या. पिळणीला विरोध करता करता त्यांनी माझ्याच बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा मांडला, हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही.

दुसरी पिळणी गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून पारखून आणली. दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले आणि सर्वांत मोठ्या वाटीच्या पिळणीवर हात ठेवून म्हणाला, 'ताई, ही घ्या की, आयुष्यभर मोडायची नाही.' मोडली नसती हे खरे. पण तिची वाटी परदेशी मोठ्या पिवळ्या लेमनच्या मापाची होती, आणि आपले कागदी लिंबू असते जेमतेम ४ सेंटीमीटर व्यासाचे. मोठ्या वाटीत अर्धे लिंबू एका बाजूला सरकते, वरचा घुमट त्याच्यावर तिरपा बसतो आणि निम्मा रस सालीतच राहतो. पिळणी विकत घेताना खिशात एक लिंबू घेऊन जावे, असा माझा सल्ला आहे. मी तसे केले तेव्हा दुकानातले लोक हसले, परंतु मधल्या मापाची, जाड दांड्यांची, बिजागरीची खीळ दोन्ही बाजूंनी ठोकून पक्की केलेली पिळणी साडेतीनशे रुपयांत मिळाली आणि आजवर तिने तक्रारीला जागा दिलेली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळते, म्हणजे लिंबू कसे ठेवावे याकडे. मागच्या दिवाळीनंतरच्या रविवारी नणंद आणि तिचे यजमान मिरजेहून मिसळ खायला आले होते. जावईबापूंनी टेबलावरची पिळणी कौतुकाने उचलली, अर्धे लिंबू घेतले आणि वाटीत वाटी बसावी तसे त्याची गोल बाजू खाली आणि कापलेली बाजू वर ठेवून दोन्ही दांड्या ताकदीने मिटल्या. रसाची एक धार थेट त्यांच्या चष्म्यावर गेली, दुसरी माझ्या नणंदेच्या बाहीवर, आणि मिसळीत पडले ते चार थेंब. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. सगळे एकदम बोलू लागले तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, 'जावईबापू, पालथं घालायचं असतं ते. उताणं नाही.'

याहून नेमक्या शब्दांत ते सांगता येणार नाही. कापलेली बाजू भोकांवर पालथी घालायची आणि गोल पाठ वर ठेवायची. दिसायला हे चुकीचे वाटते, कारण लिंबाचा आकार खालच्या वाटीशी इतका सुरेख जुळतो की हात आपोआप ते उताणेच ठेवतो. परंतु तसे ठेवले तर सालच भोके बुजवते आणि रसाला खाली जायला वाटच उरत नाही. तो कडेने आणि वरून मिळेल त्या दिशेने उडतो. पालथे घातले की वरचा घुमट लिंबाच्या पाठीवर दाबला जातो, साल मोज्यासारखी आतली बाहेर उलटते, गर भोकांवर चेपला जातो आणि रस सरळ खाली येतो. बिया वाटीतच अडकतात. पिळून झाल्यावर उलटलेली साल पाहिली म्हणजे यंत्राने काय केले हे ध्यानात येते: पाकळ्यांचे पांढरे पापुद्रे बाहेर, पिवळी साल आत, आणि सगळे मिळून एका लहानशा टोपीसारखे. ही टोपी ठेवायला टेबलावर एक वाटी हवी, नाहीतर ती मिठाच्या सटाजवळ ओली पडून राहते आणि मीठ पाझरू लागते.

कापण्याचीही एक पद्धत आहे आणि तिथे परंपरेशी थोडा झगडा आहे. आपल्याकडे पान वाढताना वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी आणि कोशिंबीर असा क्रम असतो. ती फोड उभी कापलेली असते. मधला गाभा बाजूला ठेवून कडेने काप काढले की बऱ्याच बिया गाभ्यालाच राहतात आणि फोड चिमटीत नीट बसते. बोटांसाठी ती रचना उत्तम आहे. पिळणीसाठी ती निरुपयोगी, कारण फोड भोकांवर आडवी पडते आणि घुमटाला दाबायला काही सापडत नाही. पिळणीला लिंबू देठापासून टोकापर्यंत न चिरता मध्यावर आडवे चिरलेले लागते. असे चिरले की सगळ्या पाकळ्यांची तोंडे एकदम उघडतात, चाकाच्या आऱ्यांसारखी, आणि प्रत्येक पाकळीतला रस थेट भोकांकडे जातो. उभे अर्धे केले तर बऱ्याच पाकळ्यांचे पापुद्रे न फाटता तसेच राहतात आणि जास्त जोर लावावा लागतो.

मी एकदा चमच्याने मोजून पाहिले. एकाच लिंबाचे अर्धे बोटांनी पिळले, दुसरे यंत्राने. बोटांनी दोन चमचे रस निघाला, यंत्राने जवळजवळ तीन. लिंबू फ्रीजमधले असेल तर हा फरक आणखी वाढतो, कारण गार लिंबू ताठ असते. आधी टेबलावर तळहाताखाली दाबून चार वेळा लोळवले तर दोन्ही पद्धतींनी अधिक रस निघतो. एप्रिल-मे महिन्यांत हा एक चमचा फार मोलाचा असतो. लिंबाला आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार येतात, आणि उन्हाळ्यात बाजारात यावीत ती हस्त बहाराची फळे. तो बहार साधला नाही तर नेमक्या मागणीच्या दिवसांत लिंबू महाग होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका लिंबाला दहा रुपये मोजल्याचे सर्वांना आठवत असेल. त्या महिन्यात आमच्याकडे एक लिंबू चौघांत पुरवले जाई आणि पिळून झालेली साल आई पुन्हा एकदा बोटांनी दाबून पाहत, यंत्रावर विश्वास नसल्यासारखी. त्यातून काही निघत नसे.

जोर मात्र बेतानेच लावावा. चौपट जोराचे यंत्र हाती आले की शेवटचा थेंब काढण्याचा मोह होतो आणि तिथे चव बिघडते. लिंबाच्या पिवळ्या सालीत तेलाचे बारीक कोश असतात; त्यातल्या तेलात लिमोनीन नावाचे सुगंधी द्रव्य मुख्यतः असते आणि ते चांगलेच ज्वालाग्राही असते. पेटत्या मेणबत्तीसमोर साल दुमडून दाबली तर तुषार उडून ज्योत क्षणभर फुलबाजीसारखी तडतडते, हा प्रयोग मी मुलांना दरवर्षी दाखवते. पिळणीत साल उलटी होताना हे कोश चेपले जातात आणि थोडे तेल रसात उतरते. थोडे उतरले तर वास छान येतो, जास्त उतरले तर जिभेला चरचरते. एकदा सावकाश मिटावी, क्षणभर धरावी, सोडून द्यावी. सरबतासाठी सकाळीच रस काढून ठेवणाऱ्यांना दुसराही अनुभव आलेला असेल: ताजा असताना गोडसर आंबट लागणारा रस काही तासांनी कडवट होतो, कारण गरातला आणि पापुद्र्यांतला मुळात कडू नसलेला एक घटक आम्लात हळूहळू कडू द्रव्यात बदलतो. पानात पिळलेल्या लिंबाला तेवढा वेळच मिळत नाही.

क जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. उष्णतेने ते नाहीसे होते, म्हणून पोहे उतरवल्यावर आणि आमटी ताटात आल्यावर लिंबू पिळणे योग्य. बाजरीची भाकरी, मेथी, पालक यांतले लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. त्याच घासात लिंबू असेल तर ते अधिक शोषले जाते. माझ्या मुलीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या तेव्हापासून मेथीच्या भाजीवर लिंबू हा आमच्याकडचा नियम झाला, आणि ती पुण्याहून आली की पहिल्यांदा पिळणी स्वतःकडे ओढते.

आईंचा खरा आक्षेप यांपैकी कशालाच नव्हता. त्यांचे म्हणणे असे की आपण उजव्या हाताने जेवतो, तो हात खरकटा असतो, आणि त्याच हाताने धरलेले यंत्र टेबलावर या हातातून त्या हातात फिरणार. हा आक्षेप मला बिनतोड वाटला. फोडीचे तसे नाही. ज्याची फोड त्याच्या पानात, तिला दुसरा कोणी हात लावत नाही. पुष्कळ दिवस मी यावर उत्तर शोधत होते आणि ते शेवटी माझ्याच फळ्यावर सापडले. चौपट जोर मिळत असेल तर डावा हात पुरतो. बोटांनी फोड पिळायला सराईत उजवा हात लागतो आणि रस उडू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा धरावा लागतो. पिळणी मात्र डाव्या मुठीत धरून ताटावर नेली की काम झाले. लिंबू वाटीत घालणे आणि साल काढणे हेही डाव्या हातानेच करायचे, किंवा जेवायला सुरुवात करण्याआधी. नियम ठरला, आईंनी तो मान्य केला आणि त्यानंतर तो इतका कडक पाळला की एकदा मी नकळत उजवा हात पुढे केला तेव्हा पिळणी माझ्यासमोरून उचलली गेली आणि धुऊन परत आली. अण्णांना तर डावा हात वरदानच ठरला, कारण दुखणारा अंगठा उजव्या हाताचा होता आणि मुठीने दांड्या मिटताना अंगठ्यावर भार येतच नाही, चार बोटे आणि तळवा यांचेच काम.

पिळणी सगळीकडे चालते असे मात्र मी म्हणणार नाही. भडंगावर ती अजिबात चालवू नये. सांगलीकराला भडंगाचे काय सांगावे. कांदा, कोथिंबीर घातली की वरून लिंबू हवे, पण ते थेंबाथेंबाने, हलवत हलवत. पिळणीतून रस एकदम पडतो, जिथे पडला तिथला चुरमुरा चिवट होतो आणि बाकीचे कोरडे राहतात. तिथे फोड आणि बोटे हेच बरे. पिठल्यावर, कांदापोह्यांवर, मटणाच्या रश्श्यावर, मिसळीच्या कटावर पिळणी उत्तम. पेरूच्या फोडींवर कोणतेही यंत्र न वापरता लिंबाचा अर्धा तुकडा मिठात बुडवून घासावा, असे माझे मत आहे, पण त्यावर घरात मतभेद आहेत.

टेबलाबद्दल एक सूचना. संगमरवरी पृष्ठभाग असेल तर पिळणीखाली बशी ठेवावी, कारण लिंबाच्या थेंबाने संगमरवराची चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही. आमच्या टेबलावर सुती चादर असते आणि तिच्यावर हळदीचे डाग असतात. ज्या गावच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तिथे ते असायचेच. ती साबणाने धुतली की डाग लालसर होतात, कारण हळद अल्कलीत रंग बदलते. नीट खळबळून न निघालेल्या चादरीवर पुढच्या जेवणात पिळणीतून थेंब सांडला की लाल डागात तेवढाच एक पिवळा ठिपका उमटतो. मुलगी लहान असताना मी हे मुद्दाम करून दाखवत असे. आता अण्णा करतात, कोणी पाहत नाही असे वाटले की.

अमेरिकेत जॉन थॉमस व्हाइट यांना १८९६ साली बिजागरीने जोडलेल्या अशाच एका लिंबूपिळणीचे पेटंट मिळाले होते. तेव्हापासून आकार फार बदललेला नाही. बदलायचा प्रयत्न झाला नाही असे नाही: फिलिप स्टार्क या फ्रेंच रचनाकाराने १९९० मध्ये अलेसी या इटालियन कंपनीसाठी तीन उंच पायांवर उभी राहणारी, कोळ्यासारखी दिसणारी एक पिळणी घडवली आणि ती जगप्रसिद्ध झाली. तिला बिजागरी नाही, म्हणजे तरफही नाही. लिंबू हाताने तिच्या टोकावर दाबून फिरवायचे. शोकेसमध्ये ती शोभेल. अण्णांच्या अंगठ्याला तिचा काही उपयोग नाही.

धुण्याचे काम वेळच्या वेळी करावे. जेवण झाल्याबरोबर नळाखाली धरली तर एका क्षणात स्वच्छ होते; तासभर राहिली तर गर भोकांत वाळतो आणि मग टाचणी घेऊन एकेक भोक कोरावे लागते. महिन्या-दोन महिन्यांनी खिळीवर शेंगतेलाचा एक थेंब सोडते, म्हणजे दांड्या करकरत नाहीत.

यंदाच्या गणेश चतुर्थीला आईंनी पिळणी सकाळीच टेबलावरून उचलून फडताळात ठेवली. नैवेद्याच्या दिवशी पानात फोडच वाढायची, हे मलाही पटण्यासारखे होते. नैवेद्य झाला, पाने वाढली, वरणभातावर तूप पडले आणि अण्णांच्या पानात मिठाशेजारची फोड तशीच राहिली. त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली. आई काही न बोलता उठल्या, फडताळातून पिळणी काढली, ती फोड तिच्यात घालून पाहिली. ती आडवी पडली आणि रस आला नाही. मग त्यांनी परडीतून नवे लिंबू घेतले, विळी पुढे ओढली आणि ते मध्यावर आडवे चिरून, पालथे घालून पिळणी अण्णांच्या डाव्या हाताशी ठेवली.